माइबीचे नृत्य: उगम नव्हे, संहिता

मणिपुरी नृत्याचा कार्यक्रम मणिपूरबाहेरच्या रंगमंचावर होतो, तेव्हा त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी शुभ्र वस्त्रांतील स्त्रियांचे, संथ लयीतले, चार-पाच मिनिटांचे ‘माइबी जगोइ’. मग खांबा आणि थोइबी यांचे युगुलनृत्य, त्यानंतर मृदंगवादकांचा पुंग चोलोम, आणि सांगतेला रास. निवेदकाच्या बोलण्यातही एक वाक्य हटकून येते: माइबींचे हे प्राचीन विधिनृत्य म्हणजे मणिपुरी नृत्याचा उगम होय. वाक्य गौरवाने उच्चारलेले असते आणि ऐकणाऱ्यालाही ते गौरवाचेच वाटते. परंतु ‘उगम’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. उगमापाशी नदी लहान असते. तिचे खरे रूप पुढे कुठेतरी दिसायचे असते. म्हणजे जंगलातला विधी ही सुरुवात, मंदिरातली रास हा विकास आणि नाट्यगृहातला प्रयोग ही परिणती. कार्यक्रमाच्या क्रमाने कलेचा इतिहासच मांडल्याचा भास होतो.

हा क्रम चुकीचा आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची तपासणी करायला हवी, असे मला वाटते. माइबीचे नृत्य हा कशाचाही आरंभीचा, कच्चा टप्पा नाही. ती एक पूर्ण संहिता आहे. तिला स्वतःची रचना आहे, स्वतःचे क्रियापद आहे आणि आपण काय करतो आहोत याविषयीचा स्वतःचा दावाही आहे. तो दावा मान्य करा किंवा करू नका. पण तो वाचल्याशिवाय या नृत्याविषयी बोलणे म्हणजे काव्याची पहिली ओळ वाचून त्या भाषेच्या छंदःशास्त्रावर व्याख्यान देण्यासारखे आहे.

प्रथम संदर्भ. मणिपूरच्या खोऱ्यात राहणाऱ्या मैतेई समाजाचा ‘लाइ हराओबा’ हा उत्सव प्रामुख्याने ‘उमंग लाइ’ या देवतांचा असतो. ‘उमंग’ म्हणजे वन, ‘लाइ’ म्हणजे देवता. या देवता त्या त्या वस्तीशी, कुळाशी आणि राखलेल्या देवराईशी बांधलेल्या आहेत. ‘हराओबा’चा अर्थ आनंदणे. त्यामुळे ‘देवांना रिझवणे’ आणि ‘देवांचे रमणे’ असे दोन्ही अर्थ या नावातून निघतात. परंपरेतील आणखी एक व्युत्पत्ती असे मानते की मूळ शब्द ‘लाइ होइ लाओबा’, म्हणजे सृष्टीच्या वेळी देवतांनी दिलेली ‘होइ’ अशी हाक. उत्सवाचे कांगलेइ, मोइरांग, चाकपा असे प्रकार आहेत. कालावधी कुठे काही दिवसांचा, कुठे बराच अधिक. तो पार पाडण्याची जबाबदारी तिघांची: माइबी ही पुरोहिता, माइबा हा पुरोहित आणि पेनाखोंगबा हा पेनावादक. पेना हे एकाच तारेचे, धनुकलीने वाजवायचे वाद्य. नारळाची करवंटी, बांबूचा दांडा, घोड्याच्या केसांची तार इतकाच त्याचा संसार. देवतेला पहाटे जागवायचे गाणे आणि रात्री निजवायचे गाणे याच तारेवर होते.

उत्सवाचा प्रारंभ ‘लाइ इकौबा’ने, म्हणजे देवतेला पाण्यातून बोलावण्याने होतो. देवता पाण्यात वसते अशी धारणा आहे. मिरवणूक तळ्याकाठी किंवा नदीकाठी जाते. केळीच्या पानात बांधलेला नैवेद्य आणि नाणी पाण्याला अर्पण होतात. एका हातात घंटा घेतलेल्या माइबीच्या अंगी देवतेचा संचार होतो, तिच्या मुखातून देववाणी उमटते. सुताच्या दोराच्या आधाराने देवतेचे चैतन्य पाण्यातून घटांत आणले जाते आणि ते घट वाजतगाजत देवळात नेले जातात. या क्षणापर्यंत देवळातली मूर्ती एका अर्थाने रिकामी असते. येथूनच पुढच्या नृत्याचे कारण स्पष्ट होते. ज्याला बोलावले आहे, त्याला अजून देह नाही.

‘लाइबौ’ या नृत्यमालिकेत हा देह घडतो. ‘हाकचांग साबा’ या भागात माइबी हस्तमुद्रांनी शरीराचे एकेक अवयव घडवत जाते. देह पूर्ण होतो, बालकाचा जन्म होतो. जन्मलेल्याला घर हवे. म्हणून ‘युमसारोल’मध्ये घर उभारण्याच्या क्रिया येतात. घर झाले, आता वस्त्र हवे. त्यासाठी जमीन साफ करणे, कापूस पेरणे, तो वेचणे, पिंजणे, सूत काढणे आणि ‘फिसारोल’मध्ये ते विणणे, या साऱ्या क्रिया हातांनी, मनगटांनी, पावलांच्या फेऱ्यांनी घडवल्या जातात. पुढे ‘लोंगखोनबा’ येते. मासे पकडण्याच्या जाळ्याची क्रिया करत माइबी जमलेल्या लोकांचे भरकटलेले आत्मे गोळा करते. आणि मग ‘लाइरेन माथेक’: अजगराच्या वेटोळ्यासारख्या मार्गाने माइबी पुढे चालते आणि गावकरी तिच्यामागून पाऊल टाकतात. ठिकाणपरत्वे तपशील बदलतात, पण देह, घर, वस्त्र ही चाल कायम राहते.

ही मालिका क्रमाने वाचली की पहिली गोष्ट लक्षात येते ती तिच्यातील श्रमाची. विश्वोत्पत्तीची काव्ये जगभर आहेत. त्यांत बहुधा शब्दाने, संकल्पाने किंवा युद्धाने जग निर्माण होते. येथे ते हाताने निर्माण होते, आणि तेही रोजच्या कामाच्या हालचालींनी. कापूस पिंजणारी बाई जशी मनगट वळवते, तसेच मनगट वळवून देवाचे वस्त्र तयार होते. मणिपूरमध्ये विणकाम हे घरोघरच्या स्त्रियांचे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पाहणाऱ्या स्त्रीला या मुद्रेतून काय वाचता येत असेल याची कल्पना करता येते. तिला निवेदकाची गरज नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे नृत्य सृष्टीच्या निर्मितीची कथा ‘सांगत’ नाही. ते ती निर्मिती ‘करते’. मैतेई परंपरेतील सृष्टिकथेत नऊ देवांनी वरून माती टाकली आणि सात देवकन्यांनी तिच्यावर नाचून ती सपाट केली, असे येते. म्हणजे त्या कथेतही नृत्य हा निर्मितीनंतरचा उत्सव नाही, निर्मितीचे साधनच आहे. माइबीच्या पावलांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांना ‘अभिनय’ म्हणता येत नाही. नट राजा होतो तेव्हा तो राजा नाही हे त्याला आणि आपल्याला ठाऊक असते. येथे मात्र मुद्रा चुकली, क्रम तुटला, वेटोळ्याची वाट चुकली, तर गावाचे अनिष्ट होईल अशी श्रद्धा आहे. ज्या कृतीच्या चुकीने परिणाम घडतो, ती कृती अनुकरण नसते.

तिसरी गोष्ट लोंगखोनबातली. माइबी ज्यांचे आत्मे जाळ्यात गोळा करते, ते समोर उभे असलेले लोक आहेत. त्यांचे क्षेम त्या क्षणी तिच्या हातात आहे. याचा अर्थ असा की या संहितेत प्रेक्षक नावाचे स्थानच नाही. लाइरेन माथेकमध्ये तर ते उघडच होते: पाहणारे उठून तिच्यामागे चालू लागतात. रंगमंचावर हेच दोन भाग सहसा गाळले जातात किंवा सजावटीपुरते उरतात, कारण आत्मे गोळा करायला तेथे गाव नसते. तिकीट काढून आलेली माणसे असतात. चार मिनिटांच्या प्रयोगात शुभ्र वस्त्र उरते, मुद्रांचे सौंदर्य उरते, पेनाचा सूर उरतो. क्रियापद मात्र गेलेले असते.

आता ‘उगम’ या कल्पनेकडे पुन्हा वळू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा पामहैबा, म्हणजेच गरीब निवाज, याने वैष्णव धर्म स्वीकारला. जुन्या ग्रंथांची, ‘पुयां’ची, होळी त्याच्याच काळात झाली असे परंपरा सांगते. पुढे राजा भाग्यचंद्राच्या काळात १७७९ मध्ये रासलीला प्रथम सादर झाली. रासच्या गोलाकार गतीवर आणि मनगटांच्या वळणांवर लाइ हराओबाची छाप आहे असे अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे. परंतु रास आली म्हणून लाइ हराओबा थांबला नाही. गेली अडीचशे वर्षे दोन्ही एकाच खोऱ्यात, कित्येकदा एकाच कुटुंबाच्या वर्षभराच्या व्यवहारात शेजारी नांदत आली आहेत. उर्वरित भारताला मणिपुरी नृत्याची ओळख झाली ती प्रामुख्याने वैष्णव बाजूने. १९१९ मध्ये सिल्हेटजवळ रवींद्रनाथ ठाकुरांनी मणिपुरी नृत्य पाहिले आणि ते शांतिनिकेतनात नेले. पुढे ‘शास्त्रीय’ म्हणून जे मान्य झाले, त्याच्या केंद्रस्थानी रास होती. ज्या दाराने आपण आत शिरलो, तेच घराचे मुख्य दार असे आपण धरून चाललो. लाइ हराओबा मग ओघानेच परसात गेला.

‘उगम’वाद्यांना उत्तर म्हणून अलीकडे दुसरी मांडणी पुढे येते: हे नृत्य म्हणजे परधर्म येण्यापूर्वीच्या मैतेई संस्कृतीचा शुद्ध अवशेष. १९३० मध्ये नाओरिया फुलो यांनी कछारमध्ये ‘अपोक्पा मारुप’ स्थापून जुन्या धर्माच्या पुनरुज्जीवनाला जी दिशा दिली, तिच्यामागची वेदना खरी होती. ज्या समाजाच्या पोथ्या जाळल्या गेल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्याने आपल्या उरलेल्या संहिता छातीशी धराव्यात यात नवल नाही. तरीही ‘शुद्ध’ हा शब्द या संहितेला मानवत नाही. उत्सवाच्या अखेरच्या टप्प्यात तांगखुल आणि नुराबी यांचा प्रसंग येतो. डोंगरातला तांगखुल पुरुष आणि नुराबी ही तरुणी शेताची जमीन साफ करता करता थट्टामस्करीचे, द्वयर्थी संवाद करतात. हे दोघे म्हणजे वेष पालटून आलेले नोंगपोक निंगथौ आणि पांथोइबी हे देव-देवी होत, असे मानतात. खोऱ्यातल्या समाजाच्या सर्वांत पवित्र विधीत देव येतो तो डोंगरातल्या माणसाच्या पोशाखात. ३ मे २०२३ रोजी मैतेई आणि कुकी-झो समाजांत उसळलेल्या हिंसाचारानंतर मणिपुरात डोंगर आणि खोरे यांच्यामध्ये जी दरी पडली, तिच्यावर हा प्रसंग तोडगा आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तांगखुल हे नागा समाजांपैकी एक. तो संघर्ष वेगळा, त्याची कारणे वेगळी. शिवाय विधीतला डोंगरी माणूस हा खोऱ्याने कल्पिलेला आहे, हेही विसरता येत नाही. पण जो कुणी या संहितेच्या आधारे ‘आम्ही आणि ते’ अशी निर्मळ रेषा ओढू पाहील, त्याला ती संहिताच आडवी येते, एवढे तर खरेच.

उगम आणि शुद्धता या दोन्ही वाचनांत माइबी स्वतः कुठेच नसते, हा माझा खरा आक्षेप आहे. आणि येथे आपले मराठी शब्दही आपल्याला फसवतात. ‘देवाची नर्तकी’ म्हटले की आपल्यापुढे देवदासी येते, मुरळी येते, जोगतीण येते. त्या प्रथांचा शोषणाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण नकळत तोच माइबीवर लादतो. माइबीला आईबाप देवाला वाहत नाहीत. देवता तिला निवडते, अशी धारणा आहे. ती निवड बहुधा आजारपणाच्या, विचित्र वागण्याच्या रूपाने प्रकट होते. मग ज्येष्ठ माइबी तिला ओळखते आणि आपल्याजवळ ठेवून शिकवते. ती विवाह करू शकते, संसार करू शकते. सांगलेन, नोंगमाइ आणि फुरा अशा तीन गटांत माइबींची व्यवस्था आहे आणि राजवाड्याशी निगडित ‘माइबी लोइशांग’ ही त्यांची संस्था होती. सत्तेच्या केंद्राशी जोडलेले, शिकवले जाणारे, परीक्षिले जाणारे हे ज्ञान आहे.

‘अंगात येणे’ हा आपला शब्दही पुरेसा नाही. त्यात अंग हे केवळ पात्र असते. जे येते ते बाहेरून येते आणि जाते. शिवाय समाजसुधारणेच्या चळवळीने त्याला जो संशयाचा वास दिला आहे तो आपल्या संदर्भात योग्यच होता, पण तो सोबत येतोच. माइबीच्या बाबतीत संचार आणि शिक्षण या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. संचार तिला अधिकार देतो. पण हाकचांग साबाच्या मुद्रांचा क्रम, जुन्या भाषेतली गीते, कोणत्या देवतेसाठी काय, हे सारे तिला वर्षानुवर्षे शिकावे लागते. प्रतिभा आणि व्युत्पत्ती यांचा वाद आपल्या काव्यशास्त्राने किती चघळला आहे! येथे दोन्ही एकाच स्त्रीच्या ठायी, एकमेकींचा अव्हेर न करता उभ्या आहेत.

‘नुपा माइबी’चा प्रश्न तर आपल्या व्याकरणालाच पेचात टाकतो. कधी कधी देवतेची निवड पुरुषावर होते. असा पुरुष माइबीचा वेष धारण करतो, माइबीचेच नृत्य करतो आणि त्याला ‘नुपा माइबी’ म्हणतात. ‘नुपा’ म्हणजे पुरुष, पण ‘माइबी’तला ‘बी’ हा स्त्रीवाचक प्रत्यय तसाच राहतो. माणूस पुरुष असला तरी पद स्त्रीचेच. मैतेई भाषेत क्रियापदाला लिंग नाही. त्यामुळे नुपा माइबी नाचते की नाचतो हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मराठीत मात्र पहिल्याच वाक्यात आपल्याला निवाडा करावा लागतो. अनुवादाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे हे उदाहरण आहे. भाषा काय म्हणू देते यापेक्षा ती काय म्हणायला भाग पाडते, हे येथे लख्ख दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. नृत्याला ‘संहिता’ म्हणणे हीदेखील साहित्यवाल्यांची मक्तेदारीच नाही का? आक्षेप रास्त आहे. परंतु संहिता म्हणजे लिहिलेला मजकूर असे मी येथे मानत नाही. ज्या रचनेत क्रम बदलला की अर्थ बदलतो आणि जिच्या क्रमाची जबाबदारी कुणावर तरी सोपवलेली असते, ती संहिता. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या संकलित केल्या नसत्या, तर आपण कितीतरी गमावले असते. पण छापील ओवीत जात्याची घरघर नाही, पहाटेचा काळोख नाही, दळणाचा श्रम नाही, हेही आपण वर्गात सांगतो. सांगितल्यामुळे छापील ओवीचे मोल कमी होत नाही. ती कशाचा भाग होती ते कळते. माइबी जगोइविषयी माझी मागणी इतकीच आहे. सरोज अराम्बम पॅरट आणि जॉन पॅरट यांनी १९९७ मधील आपल्या ‘द प्लीझिंग ऑफ द गॉड्स’ या ग्रंथात विधीचे टप्पे आणि गीते एकत्र ठेवून वाचली, ती यासाठीच महत्त्वाची वाटतात.

दुसरा आक्षेप रंगमंचाच्या बाजूचा. रंगमंच नसता तर या नृत्याचे नावही मणिपूरबाहेर कुणाला कळले नसते. १९५४ पासून इंफाळच्या नृत्य अकादमीत पद्धतशीर शिक्षण सुरू झाले नसते. अनेक कलावंतांना पोट भरता आले नसते. हे सर्व मान्य. रंगमंचावरील प्रयोग ही वेगळी, स्वतंत्र आणि आदरणीय निर्मिती आहे. तिला विधीची ‘सुधारलेली आवृत्ती’ म्हणू नये, एवढेच. विधी कच्चा आणि प्रयोग पक्का, अशी प्रतवारी करणाऱ्या समीक्षेशी माझे भांडण आहे, नाचणाऱ्यांशी नाही.

या प्रतवारीच्या मुळाशी ‘अभिजात’ हा शब्द आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनीच आनंद केला. त्या वेळी प्राचीनतेचे पुरावे म्हणून आपण शिलालेख दाखवले, ग्रंथ दाखवले. मणिपुरी भाषा १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या भाषांत ती नव्हती. तिचे नृत्य मात्र अभिजात म्हणून केव्हाच मान्य झाले आहे, आणि तेही मुख्यतः रासच्या नावावर. ज्या जुन्या मैतेईचे शब्द आजच्या सामान्य मैतेई श्रोत्यालाही नीट कळत नाहीत, ती भाषा माइबीच्या आणि पेनावादकाच्या कंठात टिकून आहे. तिला आपण ‘लोक’च्या खणात टाकतो, कारण ती दरवर्षी गावातल्या देवळापुढे गायली जाते. अभिजात म्हणजे जुने आणि नियमबद्ध असे आपण म्हणत असू, तर लाइबौइतके जुने आणि काटेकोर काय आहे? आणि अभिजात म्हणजे राजमान्य असे म्हणत असू, तर तसे स्पष्ट सांगावे; माइबी लोइशांगही राजाश्रयानेच चालत होती.

भारतीय साहित्याच्या किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात ईशान्येला बहुधा एखादी कविता आणि एखादा अनुवादित कथासंग्रह मिळतो. त्याच्या जोडीला लाइ हराओबाची संहिता ठेवावी असे मी सुचवेन: प्रथम तिचा पूर्ण क्रम, इकौबापासून तांगखुल-नुराबीपर्यंत, मग तिच्यातील गीतांचा उपलब्ध अनुवाद, आणि शेवटी रंगमंचावरील एक प्रयोग, त्यात काय गाळले आहे याची यादी करत पाहिलेला. मोइरांगच्या हराओबाशी जोडलेल्या खांबा-थोइबीच्या कथेवर हिजाम अंगांघल यांनी आधुनिक मणिपुरीत महाकाव्य रचले; तेही याच क्रमात वाचता येईल. विद्यार्थ्यांना श्रद्धा ठेवायला सांगण्याची गरज नाही. ज्ञानेश्वरी शिकवताना आपण ती ठेवायला सांगत नाही. ग्रंथ स्वतःविषयी काय म्हणतो ते मात्र नीट वाचून घेतो. माइबी जेव्हा हातांनी घर उभारते, तेव्हा ती घर उभारते आहे, असे त्या संहितेचे म्हणणे आहे. वाचनाची सुरुवात तेथून व्हावी.